वस्तीचं नाव बदलून काय होतं?

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने गावांतल्या आणि शहरांतल्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. त्याला आता काही वर्षं लोटली. तरी आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामसभेत, पारावर किंवा शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन बाजूंनीच होतो. एक बाजू म्हणते, नाव बदललं की माणसाचे विचार बदलतात, शब्दांचा मनावर नकळत परिणाम होतो हे मानसशास्त्राने सिद्धच केलं आहे. दुसरी म्हणते, पाटी बदलून आजवर कुणाचं भलं झालं? मन खंबीर असलं की असल्या गोष्टी अंगाला लागत नाहीत. पहिली बाजू ज्या विज्ञानाचा दाखला देते ते तिने नीट तपासलेलं नाही. दुसरी बाजू ज्या खंबीरपणाबद्दल बोलते तो तिला स्वतःला कधी पणाला लावावा लागलेला नाही.

माझं मत आधीच सांगते. जातिवाचक नावं बदलायलाच हवीत, आणि त्याहूनही तातडीने शाळेच्या वर्गात मुलांची जात चारचौघांत उच्चारणं थांबायला हवं. मात्र त्यामागचं कारण पहिल्या बाजूने सांगितलेलं नाही. आजूबाजूच्या खुणा, शब्द आणि चेहरे माणसात नवी इच्छा निर्माण करत नाहीत. आत आधीपासून असलेली इच्छा, भीती किंवा अपेक्षा ते जागी करतात, आणि बहुतेक वेळा ती कशाने जागी झाली हे त्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. एवढं मान्य केलं की नावाचा प्रश्न क्षुल्लक राहत नाही, आणि नावाने सगळं साधेल अशी आशाही उरत नाही.

आधी विज्ञानाबद्दल, कारण इथे विरोधकांचं म्हणणं खरोखर भक्कम आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉन बार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उलटसुलट शब्द देऊन वाक्यं जुळवायला सांगितली. काहींच्या शब्दांत सुरकुत्या, करडा रंग, निवृत्त लोकांसाठी प्रसिद्ध असलेलं फ्लोरिडा असे म्हातारपणाची आठवण देणारे शब्द मिसळले होते. काम संपवून बाहेर पडताना ही मुलं इतरांपेक्षा सावकाश चालली, असा निष्कर्ष निघाला. तो इतका गाजला की नोबेल मिळालेल्या डॅनियल कानेमन यांनी 2011 साली अशा निष्कर्षांवर अविश्वास दाखवायला जागाच नाही, असं लिहिलं. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी जास्त मुलं घेऊन, हातातल्या घड्याळाऐवजी इन्फ्रारेड सेन्सरने वेळ मोजून तोच प्रयोग पुन्हा केला. फरक दिसला नाही. पैशाचं चित्र दाखवलं की माणूस स्वार्थी होतो, अशा धर्तीचे इतरही काही निष्कर्ष पुन्हा तपासताना टिकले नाहीत. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत परिणाम लक्षणीय होता, फेरतपासणीत तो 36 टक्क्यांत उरला. कानेमन यांनी 2012 मध्येच या क्षेत्रातल्या संशोधकांना खुलं पत्र लिहून सावध केलं होतं, आणि 2017 मध्ये त्यांनी मान्य केलं की थोडक्या लोकांवर केलेल्या प्रयोगांवर आपण नको तितका विश्वास टाकला.

या विषयाला अशी फसगत नवी नव्हती. 1957 मध्ये जेम्स विकरी नावाच्या अमेरिकी जाहिरातवाल्याने दावा केला होता की चित्रपटाच्या पडद्यावर डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ असे शब्द चमकवले आणि विक्री वाढली. काही वर्षांनी त्यानेच कबूल केलं की तो धंद्यासाठी केलेला बनाव होता. तरीही तो दाखला आजही आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत ऐकायला मिळतो. अशा गोष्टींच्या आधारावर वस्त्यांची नावं बदलायची म्हटलं तर विरोधकांनी हसणं स्वाभाविक आहे. चांगल्या कामाला खोटा पुरावा जोडला की पुराव्याबरोबर कामही बदनाम होतं. म्हणून तो दाखला आपल्या बाजूने कुणी देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पण या सगळ्या पडझडीतून ‘भोवतालाचा मनावर काहीच परिणाम होत नाही’ असं सिद्ध होतं का? ब्रुसेल्सच्या संशोधकांनी दुसऱ्या फेरीत एक बदल केला होता. प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगितलं की ही माणसं सावकाश चालतील. सावकाश चालण्याचा परिणाम दिसला तो याच गटात, जिथे प्रयोग घेणाऱ्याची तशी अपेक्षा होती. कागदावरचे शब्द एकट्याने निष्प्रभ ठरले, समोरच्या जिवंत माणसाची अपेक्षा मात्र कामाला आली. ती शब्दांत बोलली गेली नव्हती. नजरेतून, आवाजातून, उभं राहण्याच्या पद्धतीतून ती पोहोचली असणार. शिक्षक, क्लार्क, तलाठी, मुलाखत घेणारा अधिकारी यांच्यासमोर जो कुणी उभा राहिला आहे, त्याला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही.

टिकून राहिलेलं ज्ञान जाहिरातवाल्यांच्या दाव्यांइतकं चमकदार नाही, पण विश्वासाचं आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द वाचल्यावर ‘नर्स’ हा शब्द लवकर ओळखला जातो, हे 1971 पासून असंख्य वेळा पडताळलं गेलं आहे. म्हणजे मनात एक गोष्ट जागी झाली की तिच्या शेजारच्या गोष्टी आपोआप हाताशी येतात. वागणुकीच्या बाबतीत 2002 मध्ये कॅनडात आणि 2006 मध्ये नेदरलँड्समध्ये झालेले अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. तहान किंवा पेय सुचवणारे शब्द न जाणवणाऱ्या वेगाने दाखवले, तर त्यांचा परिणाम तहानलेल्या माणसांवर झाला, पाणी पिऊन आलेल्यांवर झाला नाही. 2016 मध्ये अशा शेकडो निष्कर्षांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम लहान निघाला, पण जे ध्येय माणसाला मोलाचं वाटतं त्या बाबतीत तो वाढलेला दिसला.

‘खंबीर मनाला काही लागत नाही’ हा युक्तिवाद इथेच मोडतो. ज्याला एखाद्या गोष्टीची ओढ आहे, तिच्याशी जोडलेल्या खुणा त्यालाच जास्त जाणवतात. परीक्षेशी देणंघेणं नसलेल्या मुलाला शिक्षकाच्या कपाळावरची आठी दिसतही नाही. ज्याने घरी ‘मी पहिला येऊन दाखवतो’ असं सांगितलं आहे, त्याला ती पहिल्या बाकावरूनही दिसते आणि शेवटच्या बाकावरूनही. मग त्याला आपण कमकुवत म्हणायचं का?

आता आपल्या देशातला दाखला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढायची कोडी दिली आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. ज्या गटांत प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तिथे दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती आणि प्रत्येक कोड्याचा मोबदलाही तोच. जातीचा शब्द मोठ्याने उच्चारला गेला, एवढाच काय तो फरक.

या अभ्यासावरही प्रश्न विचारता येतात आणि विचारायला हवेत. आपली ओळख आठवून दिल्याने कामगिरी घसरते असा दावा करणाऱ्या परदेशी अभ्यासांपैकी काहींची फेरतपासणी फसली आहे, आणि एका प्रयोगावर सगळी भिंत उभारणं धोक्याचं असतं. तरी मला हा अभ्यास वेगळा वाटतो. मुलांना स्वतःबद्दल हीन वाटलं, एवढ्यावर या संशोधक थांबल्या नाहीत. जात उघड झाल्यावर मुलांचा प्रामाणिक मोबदल्यावरचा भरवसा उडतो आणि त्यामुळे जोर कमी होतो, या स्पष्टीकरणाशी त्यांचे निष्कर्ष जुळत होते. म्हणजे त्या खुणेने मुलांच्या मनात काही नवं घातलं नाही. घरी, विहिरीवर, दुकानात जे अनुभवलं होतं त्याचा हिशेब तिने वर आणला. ‘इथे आपल्याला न्याय मिळणार नाही’ ही अपेक्षा जागी झाली की हात आपोआप आखडतो. त्या मुलांना नंतर कारण विचारलं असतं तर कितीजणांना सांगता आलं असतं?

साताऱ्यात बसून हे वाचताना इतिहास फार लांब शोधावा लागत नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. राज्य सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतं. त्या काळच्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे की बसायला वेगळं गोणपाट, तेही रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. त्या गोणपाटाला काही बोलता येत नव्हतं. पण वर्गातल्या प्रत्येकाला, आणि सर्वांत आधी त्यावर बसणाऱ्याला, ते दिवसभर सांगत राहिलं. 1901 ची दुसरी हकीगत मसूर स्टेशनची. वडिलांना भेटायला निघालेले भीमराव आणि त्यांच्यासोबतची लहान मुलं गाडीतून उतरली, न्यायला कुणी आलं नव्हतं. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होते. मुलांच्या तोंडून जात कळली आणि त्यांचा चेहरा क्षणात पालटला. मुलं तीच होती, कपडे तेच होते. एका शब्दाने त्या माणसाच्या मनातली मदतीची इच्छा बाजूला सारली आणि विटाळाची भावना पुढे आणली. यात त्यांनी विचार करून काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. ठरवायची गरजच पडू नये, अशी ती व्यवस्था होती.

इथे विरोधकांचा दुसरा मुद्दा येतो आणि तोही वजनदार आहे. नाव समतानगर ठेवलं तरी ती वस्ती कुणाची हे अख्ख्या गावाला माहीत असतं. वर्षभरात नव्या नावाला जुनाच अर्थ चिकटतो. मग काय साधलं? गावाच्या शिवेच्या आत हे खरं आहे, हे मी मान्य करते. शब्दाचा अर्थ त्याच्याभोवतीच्या वागणुकीतून तयार होतो आणि वागणूक तीच राहिली तर नवा शब्दही मळतो. पण पत्ता हा काही गावाने वाचायचा मजकूर नसतो. गावाला पत्त्याची गरज नसते. तो आधार कार्डावर असतो, कॉलेजच्या अर्जावर असतो, पुण्यातल्या कंपनीला पाठवलेल्या बायोडेटावर असतो. तो वाचणाऱ्याला माण तालुक्यातलं समतानगर कुणाचं हे ठाऊक नसतं. जुना पत्ता मात्र वाचता क्षणी सगळं सांगून मोकळा होतो. सातारा शहरात पाहा. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ असा पत्ता लिहिणाऱ्याची जात परक्या माणसाला कळत नाही. शहरातल्या माणसाला पिढ्यान् पिढ्या जी सोय आपोआप मिळाली, ती खेड्यातल्या वस्तीला मिळू नये का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. ते अर्ज चाळणाऱ्या प्रत्येकाने जाणूनबुजून भेदभाव केला, असं मानायची गरज नाही. नजर एका कागदावर थोडी कमी रेंगाळली तरी पुरतं.

तिसरा आक्षेप वस्तीतूनच येतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आमचं नाव पुसून आमचा इतिहासही पुसणार का? आम्हाला लाज कशाची? आणि सरकारने सुचवलेलं भीमनगर हे नाव तरी जात कुठे लपवतं? हे बरोबर आहे, ते लपवत नाही. पण गावाने लादलेलं नाव आणि वस्तीने निवडलेलं नाव यांनी एकच ओळख वर आली, तरी तिच्या मागोमाग येणाऱ्या गोष्टी सारख्या नसतात. पहिल्याबरोबर गावकुसाबाहेरची जागा आठवते, दुसऱ्याबरोबर पुस्तक हातात घेतलेला माणूस आठवतो. खूण आत असलेलं जागं करते हे खरं असेल, तर आत काय साठवायचं हे ठरवण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचाच असला पाहिजे. नाव कोणतं ठेवायचं हे ग्रामसभेतल्या बहुमताने किंवा सरपंचाने ठरवू नये. वस्तीतल्या माणसांनी, विशेषतः तिथल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी ठरवावं. त्यांनी भीमनगर म्हटलं तर भीमनगर, नुसतं पूर्व आळी म्हटलं तर पूर्व आळी.

आणि पाण्याचं काय, रस्त्याचं काय, जमिनीचं काय? नावाची पाटी लावून नळाचं काम पुढे ढकललं जातं, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तशी फसवणूक होते आणि ती थांबवायलाच हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांना एकमेकांची जात माहीत नव्हती का? नक्कीच माहीत होती. भाऊरावांनी ती लपवली नाही. त्यांनी रोजच्या जगण्यातले सगळे इशारे बदलले: कुणी कुठे बसायचं, भाकरी कुणी थापायची, पाणी कुणी भरायचं. काही महिने शेजारी बसून जेवल्यावर शेजाऱ्याची जात ऐकून जे आठवतं, ते पूर्वीसारखं राहत नाही. नाव आणि वागणूक अशी वेगळी काढून त्यातलं एक निवडायला आपल्याला कुणी सांगितलं आहे? भाऊरावांनी तर निवडलं नव्हतं.

शेवटचा आक्षेप जबाबदारीचा. माणूस नकळत मिळणाऱ्या इशाऱ्यांवर चालतो असं मानलं तर त्याच्या कृत्याची जबाबदारी कुणाची? उद्या प्रत्येकजण म्हणेल, मी नाही, माझ्याकडून आपोआप झालं. भीती रास्त आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. आपला कायदा हे आधीपासून धरून चालतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याने शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. मतदार मूर्ख आहे किंवा विद्यार्थी व्यसनीच आहे असं मानून हे नियम झालेले नाहीत. ऐन निर्णयाच्या क्षणी डोळ्यांसमोर काय असावं याचा विचार करणं समाजाचं काम आहे, हे आपण मतपेटीच्या बाबतीत केव्हाच मान्य केलं. स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला याची जबाबदारी त्यांचीच होती. पण मुलाला बसायला गोणपाट कुणी आणायला लावलं, याचीही कुणावर तरी होती.

म्हणूनच मी वस्तीच्या पाटीपेक्षा वर्गाबद्दल जास्त आग्रही आहे. पाटी रोज दिसते म्हणून तिच्याकडे लक्ष जाईनासं होतं. वर्गात ऐन शिकण्याच्या वेळी, ज्याला शिकायची ओढ आहे त्याच मुलासमोर, खूण उगारली जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘एससीची मुलं उभी राहा’, ‘एनटीवाल्यांनी हात वर करा’ असं म्हणायची सवय कित्येक शाळांत आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. बहुतेकांना ऑनलाइन अर्जाची मुदत गाठायची घाई असते. पण उत्तर प्रदेशातल्या त्या प्रयोगात जे वाचून दाखवलं होतं, नेमकं तेच आपण दरवर्षी करतो, आणि त्याच तासाला पुढचं गणित फळ्यावर लिहितो. सरकारी योजनाही यात मागे नव्हत्या. 2023 पर्यंत मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. कापड वाटण्याच्या दिवशी कोण उठतं यावरून अख्ख्या वर्गाला सगळं कळायचं. त्यानंतर राज्याने तो उरलेल्या मुलांनाही लागू केला. समतेचा गाजावाजा न करता झालेली ही सुधारणा मला वस्तीच्या नामांतराइतकीच मोठी वाटते.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत हेच करता येईल. प्रत्येक मुलाची जात शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. यादी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून काढता येते, पालकांना एकेकटं बोलावता येतं, किंवा सगळ्याच मुलांच्या हाती एक बंद पाकीट देऊन घरी पाठवता येतं. यासाठी नवा निधी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. सातारा आणि सांगलीतल्या मुख्याध्यापकांनी ठरवलं तर येत्या जूनमध्ये, पहिली शिष्यवृत्तीची सूचना येईल त्या दिवसापासून, हे सुरू करता येईल.